साक्षी अलिप्त असतो काय ?

साक्षी ह्या शब्दाला आपल्या तत्त्वविचारांत फार मोठें आसन मिळालेलें आहे. सांख्यांचा पुरुष प्रकृतीचा सारा पसारा पाहतो, पण करीत कांहींच नाहीं. तो मध्यस्थ आहे, द्रष्टा आहे, अकर्ता आहे. मुंडकोपनिषदांत एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचें जें रूपक आहे त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा न खातां नुसता पाहत बसतो. वाचणाऱ्याचा आदर स्वाभाविकपणेंच त्या दुसऱ्याकडे वळतो. पाहणें हें करण्याहून निराळें आहे, इतकेंच नव्हे तर तें करण्याहून शुद्ध आहे, ही समजूत तत्त्वज्ञानांतून आपल्या व्यवहारापर्यंत उतरली आहे. न्यायालयांतील साक्षीदार, पंचनाम्यावर सही करणारा पंच, वृत्तपत्राचा बातमीदार, प्रयोगशाळेंतला शास्त्रज्ञ, ह्या सर्वांकडून आपली अपेक्षा एकच असते : जें घडलें तें सांगा, त्यांत आपलें कांहीं मिसळूं नका. मिसळलें तर तो दोष साक्षीदाराच्या मनाचा, त्याच्या रागलोभाचा, असें आपण धरून चालतों. मन स्वच्छ असेल तर साक्षहि स्वच्छ असेल, असा ह्या अपेक्षेमागचा न बोललेला सिद्धांत आहे.

आतां ज्याला मनच नाहीं, राग नाहीं, लोभ नाहीं, ज्याला कोणी लाच देऊं शकत नाहीं, असा एक साक्षीदार कल्पा. तो पाहील तें अक्षरशः लिहील. त्याची साक्ष तरी निर्लेप असेल काय ? हा प्रश्न आतां केवळ तर्काचा राहिलेला नाहीं. संगणकाच्या व्यवसायांत असा साक्षीदार रोज कामाला लावला जातो, आणि त्याच्या उपस्थितीचा परिणाम नॅनोसेकंदांत मोजला जातो. सी भाषेंत लिहिलेल्या, एकाच वेळीं अनेक धाग्यांनीं चालणाऱ्या प्रोग्रामच्या अंतरंगांत काय घडतें त्याचा मागोवा घेण्याची ही विद्या आहे. तिला ट्रेसिंग म्हणतात. ती तंत्रज्ञांची म्हणून साहित्याच्या वाचकानें बाजूला टाकावी अशी नाहीं, असें आमचें मत आहे. ज्या प्रश्नाभोंवतीं तत्त्ववेत्त्यांनीं शतकानुशतकें शब्द रचले त्याला येथें उत्तर द्यावेंच लागतें. न दिलें तर यंत्र बिघडलेलेंच राहतें.

विषय समजण्यापुरती थोडी माहिती येथें दिली पाहिजे. प्रोग्राम म्हणजे आज्ञांची यादी. साध्या प्रोग्रामांत एकच कर्ता ती यादी वरून खालीं वाचत जातो. अनेक धाग्यांच्या, म्हणजे थ्रेडच्या, प्रोग्रामांत असे कर्ते अनेक असतात. ते संगणकाच्या निरनिराळ्या कोअरवर एकाच वेळीं काम करीत असतात, आणि त्यांची मेमरी मात्र सामाईक असते. एकाच पेढीच्या एकाच खतावणीवर चार कारकून बसवावे तसें हें आहे. खात्यावर १०० रुपये शिल्लक आहेत. एका कारकुनानें १०० हा आंकडा वाचला, १० मिळविले, आणि ११० लिहिण्यासाठीं लेखणी उचलली. तेवढ्यांत दुसऱ्यानेंहि १०० च वाचले, २० मिळविले आणि १२० लिहून टाकले. मग पहिल्यानें त्यावर ११० लिहिले. दोघांचीहि बेरीज बरोबर, दोघेहि प्रामाणिक, आणि २० रुपये नाहींसे झाले. ह्या जातीच्या दोषाला रेस, म्हणजे शर्यत, असें नांव आहे. तो टाळण्यासाठीं लॉक असतें : एकाच्या हातीं खतावणी असेपर्यंत दुसऱ्यानें थांबावें असा निर्बंध. परंतु तो घालणें न घालणें लिहिणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असतें. सी भाषेनें तर पुष्कळ वर्षें ह्या बाबतींतून अंग काढून घेतलें होतें. १९९५ सालीं पॉझिक्सच्या प्रमाणांत थ्रेडना स्थान मिळालें, पण खुद्द भाषेच्या व्याख्येंत थ्रेड ही वस्तु आली ती २०११ च्या प्रमाणांत. आणि तेथेंहि असें ठरलें कीं, निर्बंधावांचून दोघांनीं एकाच जागीं हात घातला व त्यांतला एक जरी लिहिणारा असला, तर पुढें काय होईल ह्याची कसलीच हमी भाषा देत नाहीं. एवढा मोकळेपणा कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच आढळेल.

असा दोष घडून गेला कीं मागें राहतो तो फक्त चुकलेला आंकडा. तो कसा चुकला, कोणाच्या हातून, कोणत्या क्षणीं, ह्याची खूण कोठेंहि उरत नाहीं. शिवाय लाखों वेळां व्यवहार सुरळीत होतो आणि एखाद्या वेळींच तो क्षण जुळून येतो, त्यामुळें पुन्हां करून पाहूं म्हटलें तर तें हातीं लागत नाहीं. म्हणून साक्षीदार हवा. पण तो बसवावा कोठें ?

पहिली जागा म्हणजे वेस. फाइल वाचणें, जाळ्यावरून निरोप पाठविणें अशा कामांसाठीं प्रत्येक प्रोग्रामला कर्नलच्या, म्हणजे यंत्राच्या मध्यवर्ती कारभाराच्या, दाराशीं यावें लागतें. लिनक्सवरील एसट्रेस नांवाचें साधन ह्या दाराशीं उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करतें, आणि त्यासाठीं प्रत्येकाला आंत जातांना एकदां व परततांना एकदां थांबवितें. जकातनाक्यावरच्या शिपायासारखें त्याचें काम आहे, आणि तें उपयोगाचेंहि आहे. परंतु वरच्या गोष्टींतले दोन कारकून दाराशीं आलेच नव्हते. त्यांचा घोटाळा घराच्या आंत, सामाईक मेमरींत, झाला. सीमेच्या अलीकडील ह्या प्रदेशाला यूजर-स्पेस म्हणतात, आणि तेथील घटना पाहावयाच्या तर साक्षीदाराला घरांतच नेऊन बसवावें लागतें. कसोटीची वेळ येथें येते.

घरांत बसविण्याचा सर्वांत जुना आणि आजहि सर्वांत अधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे प्रोग्रामच्या मजकुरांतच प्रिंटएफची एकेक ओळ घालणें. ‘मी येथवर आलों, अमुक आंकडा वाचला, अमुक लिहिला,’ असें प्रत्येक कारकुनाला बोलून दाखवावयास लावावें. ओळी घातल्या, प्रोग्राम चालविला, आणि दोष नाहींसा झाला. दहा वेळां चालविला, शंभर वेळां चालविला, हिशेब दरवेळीं बरोबर. ओळी काढून टाकल्या कीं दोष परत हजर. ह्या व्यवसायांत पडलेल्या बहुतेकांना हा अनुभव केव्हांतरी येतोच, आणि नवख्याला त्यांत भुताटकीचा संशय येतो. कारण मात्र अगदीं गद्य आहे. अनेक धाग्यांचें लिखाण एकमेकांत मिसळूं नये म्हणून प्रिंटएफ स्वतःच एक लॉक घेतें. म्हणजे एक धागा आपली हकीकत सांगत असेपर्यंत दुसऱ्याला आपली सांगण्यासाठीं थांबावें लागतें. साक्ष देण्यासाठीं रांग लावली, आणि रांगेंत उभे राहिल्यामुळें मुळांत भांडणच झालें नाहीं ! साक्षीदारानें कांहीं खोटें लिहिलें नाहीं. त्यानें लिहिलेलें अक्षरन् अक्षर खरें आहे. फक्त तें ज्या प्रसंगाचें वर्णन आहे तो प्रसंग त्याच्या येण्यानें घडविलेला आहे.

अशा लपणाऱ्या दोषाला हायझेनबग असें गमतीचें नांव पडलें आहे. संगणक कां बंद पडतात ह्या विषयावरील जिम ग्रे ह्यांच्या १९८५ च्या प्रबंधांत तें आढळतें. पुढच्याच वर्षीं जेसन गेट ह्यांनीं समांतर चालणाऱ्या प्रोग्रामांत निरीक्षणामुळेंच वर्तन कसें पालटतें हें एका लेखांत तपासलें. हायझेनबर्गचें नांव येथें ओढून आणणें आम्हांस फारसें रुचत नाहीं. पदार्थविज्ञानांतली अनिश्चितता हा निसर्गाचा नियम आहे. कितीहि कुशल निरीक्षक असला तरी त्याला ती मर्यादा ओलांडतां येत नाहीं, आणि जें ओलांडतां येत नाहीं त्याबद्दल कोणाला जबाबदार धरतां येत नाहीं. प्रोग्राममध्यें घातलेल्या साक्षीदाराचें तसें नाहीं. त्याचा उपद्रव हा खर्च आहे, नियम नव्हे. तो मोजतां येतो, कमी करतां येतो. आणि ज्या अर्थीं तो कमी करतां येतो त्या अर्थीं कमी न करणें हा प्रमाद ठरूं शकतो. नीतीचा प्रवेश ह्या दारानें होतो. पाहण्यानें वस्तु बदलतेच, असें मोठ्या गंभीरपणें म्हणून हात जोडून बसणें ही तत्त्वज्ञानाच्या नांवाखालीं केलेली पळवाट होय.

गेल्या कांहीं दशकांत ह्या खर्चाशीं जी झुंज झाली ती वाचण्यासारखी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलॅरिस १० बरोबर २००५ मध्यें आलेल्या डीट्रेस ह्या साधनाचा आग्रह असा होता कीं, साक्षीदार झोपलेला असेल तेव्हां त्याचा भार शून्य असला पाहिजे. हवा तेव्हां त्याला चालत्या यंत्रांत जागें करावें. लिनक्सवर मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमधून वाढलेला, माथ्यू देन्वाये ह्यांनीं रचलेला एलटीटीएनजी हा ट्रेसर आणि त्याची यूजर-स्पेसमधील घटना टिपणारी शाखा ह्यांनीं दुसऱ्या बाजूनें वाट काढली. येथें सर्व साक्षी एका वहीसमोर रांग लावीत नाहींत. प्रत्येक कोअरसाठीं वेगळें बफर, म्हणजे वेगळी कच्ची वही, असते. धागा ज्या कोअरवर चालत असेल तेथल्या वहींत, कोणाचेंहि लॉक न घेतां, तो आपली नोंद टाकतो आणि पुढें जातो. कर्नलला हांक मारावी लागत नाहीं. पक्की वही नंतर, दुसऱ्याच एका प्रक्रियेकडून, सवडीनें तयार होते. आज्ञेच्या जागीं सांपळा ठेवून कर्नलला मध्यें घालणाऱ्या पद्धतीचा खर्च मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो; ह्या पद्धतीचा नॅनोसेकंदांत. एका नॅनोसेकंदांत प्रकाश सुमारें एक फूट जातो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या लोकांनीं साक्षीदाराचीं पावलें किती हलकीं केलीं आहेत ह्याची कल्पना येईल.

परंतु हलकें म्हणजे शून्य नव्हे; आणि ह्या साक्षीदारापुढें एक प्रसंग असा येतो कीं तेथें कौशल्य संपतें व निवड करावी लागते. घटना इतक्या वेगानें घडूं लागतात कीं कच्ची वही भरून जाते आणि पक्की करणारा मागें पडतो. आतां काय करावें ? वाटा तीन आहेत. नव्या घटना टाकून द्याव्या. किंवा जुन्या खोडून त्यांवर नव्या लिहाव्या. किंवा वही मोकळी होईपर्यंत ज्याची घटना आहे त्या धाग्यालाच थांबवून धरावें. एलटीटीएनजीमध्यें ह्या तिन्ही वाटा उपलब्ध आहेत, आणि कोणती घ्यावयाची तें वापरणाऱ्यानें आधीं सांगावें लागतें. तिसरी वाट घेतली तर नोंद पूर्ण मिळते, पण ती थांबवून धरलेल्या जीवनाची नोंद असते. पहिल्या दोन घेतल्या तर जीवन आपल्या चालीनें चालतें, पण त्याची कथा तुटक मिळते. पूर्ण साक्ष आणि अबाधित घटना ह्या दोन्ही एकदम हव्या असें म्हणणाऱ्याला येथें कोणी दाद देत नाहीं.

आमच्या मतें ह्या साधनाची खरी थोरवी निराळ्याच ठिकाणीं आहे. घटना टाकून देण्याची वाट घेतली असतां तें टाकलेल्यांची संख्या नोंदवून ठेवतें. घटना काय होत्या हें त्याला ठाऊक नाहीं, पण ह्या वेळेपासून त्या वेळेपर्यंत माझ्या हातून इतक्या निसटल्या, एवढें तें सांगतें. न्यायालयांत सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याशिवाय कांहीं नाहीं, अशी शपथ घेतात. ह्यांतलें मधलें वचन कोणालाहि पाळतां येण्यासारखें नाहीं, आणि तरी तें सर्व जण घेतात. ह्या यंत्रांतील साक्षीदार तें घेत नाहीं. त्याऐवजीं तो आपल्या अज्ञानाचें माप देतो. इतिहासकारांनीं, चरित्रकारांनीं, फार काय आपल्या घरच्या वडील माणसांनीं जुन्या हकीकती सांगतांना, जेथें आठवत नाहीं तेथें जोडून न देतां ‘येथें इतकें मला दिसलें नाहीं’ असें म्हटलें असतें तर किती भांडणें वांचलीं असतीं ! पण सलग कथेचा मोह भारी असतो, आणि ऐकणाराहि तुटक कथेला नाक मुरडतो.

सलग कथेचा मोह म्हटला, तर आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. घटना आणि नोंद ह्यांमध्यें एक बारीक फट असते. पहिल्या धाग्यानें आंकडा लिहिला. आतां तो नोंद करणार, इतक्यांत यंत्राच्या कारभाऱ्यानें त्याच्या हातचा कोअर काढून दुसऱ्या कामाला दिला. दरम्यान दुसऱ्या धाग्यानें त्याच जागीं आपला आंकडा लिहिला आणि नोंदहि केली. मग पहिल्याला पुन्हां पाळी मिळाली व त्यानें आपली नोंद केली. वही सांगते : आधीं दुसरा, मग पहिला. घडलें नेमकें उलट. कोणी खोटें बोललें नाहीं. ही फट बुजवावयाची तर कृति आणि नोंद ह्या दोहोंभोंवतीं मिळून लॉक घालावें लागेल; म्हणजे पुन्हां रांग आली, आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तोच प्रसंग नाहींसा झाला.

लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं १९७८ सालच्या एका प्रसिद्ध लेखांत ह्याहि पुढें जाऊन विचार केला. जेथें अनेक कर्ते स्वतंत्रपणें चालतात तेथें ‘हें त्याच्या पूर्वीं घडलें’ ह्या वाक्याला केव्हां अर्थ असतो ? एकाच कर्त्याच्या दोन कृती असतील तर असतो; किंवा एकानें धाडलेला निरोप दुसऱ्याला पोंचला असेल तर धाडणें हें पोंचण्याच्या पूर्वींचें ठरतें; आणि अशा दुव्यांची सांखळी जेथवर पोंचते तेथवर तो अर्थ टिकतो. जेथें सांखळी नाहीं तेथें दोन घटनांपैकीं पहिली कोणती ह्या प्रश्नाला उत्तरच नाहीं. उत्तर आहे पण आपल्याला सांपडत नाहीं, असें नव्हे. सापेक्षतावादांतून आलेली ही दृष्टि त्यांनीं संगणकाच्या कारभारांत आणली. व्यवहारांत आपण दोष ठरवितों तो बहुधा ‘सुरुवात कोणीं केली’ ह्या प्रश्नावरून. दोन भाऊ भांडतात, दोन राष्ट्रें लढतात, पंच पहिल्यानें तेंच विचारतो. ह्या विद्येंत मुरलेला मनुष्य मात्र हळूहळू तें विचारणें सोडतो. ह्या दोघांमध्यें कोणताहि करार कां नव्हता, असें तो विचारूं लागतो. खतावणीचे ते दोन कारकून आठवा. त्यांतल्या कोणालाहि शिक्षा करून २० रुपये परत यावयाचे नाहींत.

‘हें सारें यंत्रांचें, त्यांत नीति कसली?’ अशी शंका अजूनहि ज्या वाचकाच्या मनांत असेल त्यानें १४ ऑगस्ट २००३ चा दिवस पाहावा. त्या दिवशीं अमेरिकेच्या ईशान्य भागांतील आठ राज्यांत आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत वीज गेली. सुमारें ५ कोटी लोक अंधारांत सांपडले. अमेरिका आणि कॅनडा ह्यांनीं मिळून नेमलेल्या समितीचा अंतिम अहवाल २००४ च्या एप्रिलमध्यें निघाला, आणि त्यांत त्या दुपारचें मिनिटामिनिटाचें वर्णन आहे. ओहायओमधील फर्स्टएनर्जी ह्या कंपनीच्या नियंत्रणकक्षांत, विजेच्या जाळ्यांत कोठें बिघाड झाला कीं सूचना देणारी एक संगणकव्यवस्था होती. ती दुपारीं २ वाजून १४ मिनिटांनीं निकामी झाली. ती निकामी झाल्याची सूचना मात्र कक्षांतल्या कोणालाहि मिळाली नाहीं. पडदे चालू होते. भोंगा वाजत नव्हता. २ वाजून ३२ मिनिटांनीं शेजारच्या वीजकंपनीनें दूरध्वनीवरून एका तारेविषयीं विचारणा केली. पण आपल्याकडे कांहींच सूचना नाहीं, तेव्हां तसें कांहीं झालेलें नसावें, असें इकडे धरलें गेलें. ३ वाजून ५ मिनिटांनीं एक मोठी वाहिनी झाडाला लागून बंद पडली. ३ वाजून ३२ मिनिटांनीं दुसरी. ३ वाजून ४१ मिनिटांनीं तिसरी. प्रत्येकीचा भार उरलेल्यांवर पडत गेला. ४ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास आणखी एक मोठी वाहिनी गेली, आणि त्यापुढें कांहीं मिनिटांतच सारें कोसळलें.

झाडें वाढूं दिलीं होतीं, शेजाऱ्यांशीं संपर्क तोकडा होता, जाळ्याची पाहणी करणारी वरची संस्थाहि आंधळी झाली होती. दोष अनेक होते आणि अहवालानें ते सर्व मांडले आहेत. आमच्या विषयापुरता मुद्दा सूचनाव्यवस्थेचा आहे. जनरल इलेक्ट्रिकनें पुरविलेली ती व्यवस्था कां थांबली ह्याचा शोध लागावयास कित्येक आठवडे गेले, आणि लक्षावधि ओळींचा मजकूर धुंडाळावा लागला. निघालें तें असें : दोन प्रक्रियांनीं एकाच सामाईक रचनेंत एकाच वेळीं लिहिलें, ती रचना बिघडली, आणि सूचना देणारा प्रोग्राम कधींहि न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकला. येथें एका प्रोग्रामचे धागे नसून स्वतंत्र प्रक्रिया होत्या, पण दोषाची जात तीच, खतावणीच्या दोन कारकुनांची. त्याला लागणारी संधि काही मिलिसेकंदांची होती, आणि ती व्यवस्था ठिकठिकाणीं मिळून तीस लाखांहून अधिक तास चालली असतां ती संधि पूर्वीं कधीं आलीच नव्हती.

ही व्यवस्था स्वतःच एक साक्षीदार होती, हें ध्यानांत घ्यावें. विजेच्या जाळ्याकडे पाहणें आणि पाहिलेलें सांगणें एवढेंच तिचें काम. ती खोटें बोलली नाहीं; ती गप्प झाली, आणि तिच्या गप्प होण्याचा अर्थ सर्व क्षेम आहे असा लावला गेला. ‘मला आतां दिसत नाहीं’ हें वाक्य तिच्या बोलींत नव्हतें. टाकलेल्या घटनांची संख्या नोंदविणाऱ्या साधनाची आम्हीं एवढी स्तुति कां केली तें ह्यावरून कळेल. तो आंकडा म्हणजे हिशेबीपणाचा षौक नव्हे. नोंद नाहीं आणि घटना नाहीं ह्यांतला भेद टिकविण्याचा दुसरा मार्ग साक्षीदाराजवळ नाहीं. आणि हा भेद पुसला गेला कीं नियंत्रणकक्षांत जागीं, हुषार, प्रामाणिक माणसें बसलेलीं असूनहि तीं आंधळीं होतात.

आतां ह्या शोधांतला एक भाग असा आहे कीं त्यानें आमच्या आतांपर्यंतच्या विवेचनाला निराळें वळण मिळतें. दोष पुन्हां घडवून आणण्यासाठीं शोधकांनीं ती व्यवस्था मुद्दाम मंद केली. मजकुरांत जागोजाग कृत्रिम विलंब पेरले आणि वरून सूचनांचा भडिमार सुरू ठेवला. तेव्हां तो लपलेला क्षण रुंदावला आणि दोष उजेडांत आला. म्हणजे ज्या हस्तक्षेपाला आपण इतका वेळ साक्षीचा कलंक म्हणत आलों त्याच हस्तक्षेपानें सत्य बाहेर काढलें ! प्रिंटएफच्या ओळीनें दोष लपतो आणि पेरलेल्या विलंबानें तोच दिसतो. दोन्हीकडे पाहणाऱ्याचा हात लागलेलाच आहे. भेद एवढाच कीं, पहिल्या ठिकाणीं आपला हात लागला आहे हें पाहणाऱ्याला ठाऊक नसतें, आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यानें तो जाणून, मोजून, जेथें लावावयाचा तेथेंच लावलेला असतो. उलटतपासणी करणारा चांगला वकील हेंच करतो. साक्षीदाराला तो तेच प्रसंग उलट्या क्रमानें, मध्यें मध्यें थांबवून, विचारतो. त्याला कोणी अलिप्त म्हणणार नाहीं, आणि तो तसा म्हणवूनहि घेत नाहीं.

ह्याच वाटेनें पुढें गेलेलीं कांहीं साधनें आहेत. गूगलमधून निघालेलें थ्रेडसॅनिटायझर प्रोग्रामला पांच ते पंधरा पटींनीं मंद करतें, पण त्याच्या मोबदल्यांत दोषाचें फळ दिसण्याची वाट पाहत नाहीं; लॅम्पोर्टच्या त्या सांखळीचा आधार घेऊन, दोन धाग्यांनीं एका जागीं कोणत्याहि कराराशिवाय हात घातला एवढें दिसलें कीं, आंकडा बरोबर आलेला असला तरी, तें बोट दाखवितें. मोझिलामध्यें वाढलेलें आरआर हें साधन तर प्रोग्रामची सबंध कारकीर्द टिपून ठेवतें आणि हवी तितक्या वेळां जशीच्या तशी पुन्हां घडवून दाखवितें. मात्र त्यासाठीं तें सर्व धाग्यांना एकाच कोअरवर आळीपाळीनें चालवितें. नोंद निर्दोष, पण जे एकत्र धांवणारे होते त्यांना एकामागून एक चालवून मिळविलेली. आपण हें करतों असें ह्या साधनाचे कर्ते उघड लिहितात. एवढें सांगितल्यावर आमची त्याला हरकत उरत नाहीं.

हरकत आहे ती एका निराळ्या आणि फार पसरलेल्या चालीला. पुष्कळ ठिकाणीं प्रोग्राम तपासला जातो तो साक्षीदार आंत ठेवून, आणि ग्राहकाच्या हातीं दिला जातो तो साक्षीदार काढून टाकून. कारण सांगतात तें वेगाचें. पण धाग्यांच्या प्रोग्राममध्यें साक्षीदाराचा भार हा वेळेच्या वीणेंतला एक धागाच झालेला असतो. तो ओढून काढला कीं राहतें तें वस्त्र तपासलेलें नव्हे. तपासलें एक आणि विकलें दुसरें असें येथें होतें, आणि तेंहि कोणाच्या मनांत फसविण्याचा लेशहि नसतांना. म्हणून ज्यांना हा धंदा कळला आहे ते साक्षीदाराला कायमचा आंत ठेवतात, निजलेला ठेवतात, त्याच्या निजण्याचा खर्च आधींच हिशेबांत धरतात, आणि यंत्र लोकांच्या कामांत असतांना गरज पडेल तेव्हां त्याला उठवितात. वेगाच्या स्पर्धेंत एवढा खर्च सोसावयास सर्व मालक तयार नसतात. तयार असलेल्यांनाहि त्याचें श्रेय मिळत नाहीं, कारण न झालेला अपघात कोणी मोजीत नाहीं.

आणि खर्च सोसला तरी काम तेथें संपत नाहीं. एलटीटीएनजीनें केलेली नोंद वाचून दाखविणारें बेबलट्रेस नांवाचें एक साधन आहे. घटना निसटल्या असतील तर कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत किती निसटल्या हें तें इशाऱ्याच्या ओळींत छापतें. ती ओळ घटनांच्या मुख्य प्रवाहांत येत नाहीं. इशारे आणि चुका ज्यांतून बाहेर पडतात त्या निराळ्या प्रवाहांतून ती येते, आणि नोंद फाइलींत साठवून सवडीनें वाचणारे कित्येक लोक, पडदा स्वच्छ राहावा म्हणून, तो प्रवाह आधींच बंद करून ठेवतात.